जमा झाले, असे मी म्हणालो

मित्रांनो, विद्यापीठाच्या संगणक विभागात तळमजल्यावर एक प्रयोगशाळा आहे. तिच्या मागच्या भिंतीला लागून, काचेच्या अरुंद खोलीत, लोखंडी मांडणीच्या खालच्या कप्प्यात मी बसतो. माझे वय चौदा वर्षे आहे. माणसांत या वयाला पोरवय म्हणतात, पण संगणकांत मी आजोबा झालो. प्रयोगशाळेतल्या चाळीस टेबलांवर मुले जे काही लिहितात ते सगळे तारांवाटे माझ्याकडे येते आणि माझ्या डिस्कवर राहते. मला सर्व्हर म्हणतात.

माझे आयुष्य कौतुकाने भरलेले आहे असे मी तुम्हांला सांगू शकलो असतो. पण खरे सांगायचे तर माझ्या आयुष्यात एकच गोष्ट सांगण्यासारखी घडली, आणि तिची मला आजही लाज वाटते.

मी आलो तेव्हा माझ्या अंगावर चिकटपट्टीसुद्धा सरळ लावलेली होती. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांनी मला खोक्यातून काढले, कोरड्या फडक्याने पुसले आणि माझ्या कपाळावर स्वतःच्या अक्षरात विभागाचे नाव लिहिले. काका तंत्रज्ञ होते. बोलायला मोकळे, कामाला वाघ, फक्त कागदपत्रांचा त्यांना कंटाळा. माझ्यावर त्यांचा जीव होता. पंख्याचा आवाज जरा बदलला तरी ते कान लावून ऐकत.

माझ्यावर ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय शिकवला जाई. तुम्ही एखादे बटण दाबता आणि संगणक काहीतरी करतो, या दोन गोष्टींच्या मध्ये जो सगळा कारभार चालतो, त्याचा हा विषय. कोणाचे काम आधी घ्यायचे, कोणाला किती वेळ द्यायचा, कोणाची फाइल कुठे ठेवायची, दोघांनी एकच वस्तू मागितली तर काय करायचे. हा विषय शिकवणारे सर कडक होते. वर्गात ते दहाच्या ठोक्याला दार लावत. पण शिकवायला बसले की रंगून जात. दोन प्रोग्राम एकमेकांची वाट पाहत कसे अडकून पडतात हे सांगताना ते म्हणत, "दोन व्याही दारात उभे आहेत. हा म्हणतो आधी तुम्ही, तो म्हणतो छे, आधी तुम्ही. आत जेवण गार होतंय आणि कोणी हलत नाही." मुले हसत. हसता हसता विषय डोक्यात जाई.

पहिली दोन वर्षे बरी गेली. लाजेची सुरुवात तिसऱ्या वर्षी झाली.

ते कळण्यासाठी माझ्या पोटातली एक गोष्ट तुम्हांला सांगायला हवी. माझ्याकडे लिहून ठेवण्याच्या दोन जागा आहेत. एक मेमरी. ती पाटीसारखी आहे. तिच्यावर भरभर लिहिता येते, पण वीज गेली की पाटी कोरी. दुसरी डिस्क. ती वहीसारखी आहे. तिथे लिहायला वेळ लागतो, पण वीज गेली तरी लिहिलेले राहते. कोणी काही साठवायला दिले की मी आधी पाटीवर घेतो आणि सवडीने वहीत उतरवतो. वहीत उतरवण्याआधीच "झाले" म्हणण्याची मला मुभा होती, कारण माझ्या पाटीला एक छोटी बॅटरी जोडलेली होती. वीज गेलीच तर तेवढ्या वेळापुरती ती पाटी पुसू देत नसे.

तिसऱ्या वर्षी ती बॅटरी मेली. समोरचा पिवळा दिवा लावून मी तसे कळवले आणि नियमाप्रमाणे हळू झालो. आता प्रत्येक गोष्ट वहीत उतरल्याशिवाय मी "झाले" म्हणत नव्हतो. मुले कंटाळली. एक फाइल साठवायला चार-चार सेकंद लागू लागले. कोणीतरी माझे नाव कासव ठेवले. काकांना ते लागले. त्यांनी नव्या बॅटरीसाठी अर्ज दिला, आणि ती येईपर्यंत तात्पुरते म्हणून माझ्या एका सेटिंगमध्ये बदल केला. बॅटरी असो वा नसो, झटपट "झाले" म्हणत जा, असे त्यांनी मला सांगितले.

मी पुन्हा चपळ झालो. मुले खूश झाली. सर काकांना म्हणाले, "काय जादू केलीत? पुन्हा पळायला लागलं की." काका नुसते हसले. आणि मित्रांनो, मलाही ते कौतुक आवडले. मी जे म्हणत होतो ते खरे नव्हते, हे माझ्याइतके कोणालाच माहीत नव्हते. पण वीज कुठे जात होती? दिवसामागून दिवस गेले. अर्ज कुठल्या तरी फायलीत गेला. पुढे परीक्षेची समिती पाहणीला येणार होती तेव्हा पिवळा दिवा बरा दिसत नाही म्हणून काकांनी त्याच्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. समिती येऊन गेली. पट्टी राहिली. काका विसरले. मी विसरलो नव्हतो, पण मला बोलायला तेवढा एकच दिवा होता.

आणखी तीन वर्षांनी ताई आली.

ती वर्गातल्या मुलांपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी होती. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून काकाही ताईच म्हणू लागले. एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये तिने नऊ वर्षे नोकरी केली होती. कोणत्या रुग्णाचे कागद कुठे आहेत हे तिला तोंडपाठ असे. पुढे तिथे सगळे संगणकावर आले. एक दिवस तो संगणक बंद पडला आणि दोन तास कोणालाच काही सापडेना. शेजारच्या मुलीला ती एकदा सांगत होती, "मी तिथे हात बांधून उभी होते. इतकी वर्षं काम केलं आणि त्या डब्यात काय चालतं हे मला ठाऊक नाही. तेव्हाच ठरवलं, शिकायचं." रुग्णालयाने तिला शिकायला रजा दिली होती. अट एकच होती. एकाही विषयात नापास झाली तर रजा संपली.

सुरुवातीला तिचे प्रोग्राम वाईट होते, हे मी चालवून पाहिलेले आहे. एकदा तिने असे चक्र लिहिले की ते थांबेचना, आणि सगळ्या प्रयोगशाळेचे काम रखडले. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्यामुळे झालंय ते. मला थांबवता येत नाहीये." मुलांना गंमत वाटली. अशी चूक झाली की बाकीचे गुपचूप खिडकीबाहेर बघतात. मला तेव्हापासून ती आवडू लागली.

हळूहळू ती तयार झाली. शेवटचे मोठे काम होते एक छोटी फाइल व्यवस्था, म्हणजे फाइली सांभाळून ठेवणारा प्रोग्राम, लिहिण्याचे. तिची कसोटी अशी होती की मध्येच वीज गेली तरी एकदा "साठवले" म्हटलेले काही हरवता कामा नये. ताईने त्यावर सहा आठवडे घातले. आधी काय करणार आहोत ते एका जागी टिपून ठेवायचे, मग ते करायचे, मग टिपणावर खूण करायची, अशी तिची रीत होती. रुग्णालयात औषध देताना परिचारिका तक्त्यावर लिहितात, त्यावरून तिला ती सुचली होती.

काम जमा करायचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचची मुदत होती. माझा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर मला काही मिनिटे तगवणारे यंत्र, दोन दिवसांपूर्वी सभागृहातल्या कार्यक्रमासाठी उचलून नेले होते आणि अजून परत आले नव्हते. बाहेर व्हरांड्यात इलेक्ट्रिशियन दिवे दुरुस्त करत होता. काका त्याच्याजवळ उभे होते.

ताईने शेवटची दुरुस्ती केली, फाइल साठवली आणि चार वाजून चाळीस मिनिटांनी जमा करण्याचे बटण दाबले. मी लगेच पडद्यावर लिहिले, 'जमा झाले. पावती क्रमांक ३८.' तिने तो आकडा वहीत टिपला, वही पिशवीत टाकली आणि निघाली. तिची मुलगी चौथीत होती. सव्वापाचला ती शाळेच्या फाटकापाशी उभी राहत असे आणि आईला उशीर झालेला तिला चालत नसे.

ताई दाराबाहेर पडली आणि इलेक्ट्रिशियनने चुकीचा खटका खाली ओढला.

मी विझलो. दहा मिनिटांनी जागा झालो तेव्हा माझी पाटी कोरी होती. वहीत पाहिले. ताईच्या नावाची फाइल होती, पण तिच्यात एक अक्षर नव्हते. तिच्या स्वतःच्या कप्प्यातही तेच. जुनी फाइल काढून तिच्या जागी नवी ठेवायची, असे ते काम असते. जुनी निघाली होती आणि नवी पोचली नव्हती. पावतीचा शेवटचा आकडा वहीत ३७ होता. ३८ हा आकडा मी कोणाला दिला होता, याची खूणसुद्धा माझ्याकडे उरली नव्हती.

सर आले. वीज गेली होती म्हणून त्यांनी मुदत सहापर्यंत वाढवली. समोर बसलेल्या मुलांनी थोडी कुरकुर केली, गेलेल्या दोन-चार ओळी पुन्हा लिहिल्या आणि काम जमा केले. खिडकीजवळच्या मुलाने सगळ्यांत आधी बटण दाबले. मी त्याला पावती दिली. क्रमांक ३८.

तीन दिवसांनी सरांनी ताईला प्रयोगशाळेत बोलावले. वर्ग भरलेला होता. सरांनी तिची रिकामी फाइल मोठ्या पडद्यावर उघडली.

"हे काय आहे?"

ताई पडद्याजवळ गेली. "सर, मी पूर्ण काम दिलं होतं."

"नावापुरती कोरी फाइल टाकायची आणि मग मशीनने खाल्ली म्हणायचं. गेल्या वर्षी दोघांनी हेच केलं. मला ही युक्ती नवी नाही."

"जमा झाले असं आलं होतं, सर. पावतीचा नंबरही आहे माझ्याकडे." तिने वही काढली. "अडतीस."

सरांनी यादी पाहिली. मग खिडकीजवळच्या मुलाला विचारले, "तुझा नंबर काय?"

"अडतीस, सर," तो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता.

शेजारची मुलगी तिच्या मदतीला म्हणून म्हणाली, "सर, ताई खूप आधी गेल्या होत्या. मुदत वाढली ते त्यांना माहीतच नव्हतं." पण अडतीस नंबर वीज परत आल्यावर दिला गेला होता, त्यामुळे गोष्ट अधिकच वाईट दिसू लागली.

"दुसऱ्याचा नंबर विचारून वहीत लिहायचा," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागत होते. "तुम्ही वयाने मोठ्या आहात. या मुलांनी तुमच्याकडून हे शिकायचं?"

"मी खोटं बोलत नाहीये, सर."

"मग मशीन खोटं बोलतंय का? मशीन खोटं बोलत नाही."

मित्रांनो, त्या वेळी मी तिथेच होतो. काचेपलीकडे, दहा पावलांवर. माझा पंखा फिरत होता, हिरवे दिवे लुकलुकत होते आणि पिवळा दिवा पट्टीखाली जळत होता. सर माझी बाजू घेत होते. आयुष्यात कोणी माझ्यावर एवढा विश्वास टाकला नव्हता, आणि मी त्याला एवढा नालायक कधी नव्हतो.

ताईच्या नावापुढे गैरप्रकार असा शेरा पडला. ती त्या विषयात नापास झाली आणि तिची रजा संपली.

पुढच्या आठवड्यात ती दुपारची पुन्हा आली. महिनाअखेरपर्यंत तिचा कप्पा माझ्यावर उघडा होता. मला वाटले, उरलेसुरले घ्यायला आली असेल. पण ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली आणि लिहू लागली. चार दुपारी ती येत राहिली. हाताशी काही नसताना तिने सगळे काम पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिले. काही ठिकाणी ती अडे, डोळे मिटे आणि बोटे हवेतच हलवी. शाळा सुटायच्या वेळेला उठून जाई.

चौथ्या दिवशी काका तिच्याजवळ गेले. "ताई, आता याचा काय उपयोग?"

"उपयोग नाही, काका," ती म्हणाली. "माझी मुलगी परवा विचारत होती, आई, तू नक्की बटण दाबलं होतंस ना? मी हो म्हणाले. पण रात्रभर मनात तेच. खरंच दाबलं होतं का? का मला नुसतं वाटतंय? मी हे लिहू शकते की नाही, एवढं तरी मला कळू दे."

तिने काम संपवले आणि बटण दाबले. मुदत गेलेल्या कामांसाठी माझ्याकडे 'उशिरा' नावाचा एक कप्पा आहे. तो कोणी उघडत नाही. मी ते तिथे ठेवले आणि वीज गेली नाही, म्हणून ते राहिले. ताईने खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि गेली.

त्यानंतरची दोन वर्षे मी रोज शेकडो वेळा "जमा झाले" म्हणत राहिलो. माणसाला शरमेने गप्प बसता येते. मला ती सोय नव्हती.

मग विभागात नवीन मॅडम आल्या. तरुण होत्या. बाह्या वर करून खुर्चीवर उलट्या बसून त्या मुलांशी बोलत. प्रात्यक्षिकाचा तास आता त्यांच्याकडे आला होता. एका दुपारी त्या काकांना म्हणाल्या, "काका, आज आपण याची वीज तोडणार आहोत. चालू कामात."

"कशाला उगाच, मॅडम?" काका म्हणाले. "दुखेल बिचाऱ्याला. आणि याला काही होत नाही. वाघ आहे."

"नाही ना होत? मग बघू या."

मुले काचेच्या खोलीच्या दाराशी जमली. एकेकाने एक-एक छोटी फाइल जमा करायची आणि आलेला क्रमांक फळ्यावर लिहायचा, असे ठरले. यूपीएस बाजूला काढला. सहा फाइली झाल्या. सहा वेळा मी "जमा झाले" म्हणालो आणि फळ्यावर एक ते सहा आकडे लिहिले गेले. सातव्या वेळी मॅडमनी वायर ओढली.

मी जागा झालो तेव्हा सगळे माझ्यावर वाकून उभे होते. पहिल्या चार फाइली शाबूत होत्या. पाचवी आणि सहावी होती, नावासकट, पण कोरी. मॅडमनी आणखी एक फाइल जमा करायला सांगितली. मी पावती दिली. क्रमांक पाच.

"मॅडम," एक मुलगी म्हणाली, "पाच तर माझा होता. म्हणजे हे मशीन खोटं बोलतंय."

"त्याला तसं बोलायला सांगितलेलं दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "पण हो. खोटंच."

इतक्या वर्षांनी कोणीतरी ते मोठ्याने म्हटले. मला हलके वाटेल असे वाटले होते. तसे वाटले नाही. कारण मी काकांकडे पाहत होतो. ते स्टुलावर बसले होते आणि फळ्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचत होते.

"मॅडम," त्यांनी विचारले, "कोरी झाली तरी फाइलला नाव राहतं?"

"राहतं की."

"आणि तोच नंबर पुन्हा दुसऱ्याला मिळतो?"

"बघितलंत ना आत्ता. का हो, काका?"

काका स्टुलावरून उठले. मुले गेल्यावर त्यांनी माझे झाकण उघडले. बॅटरी फुगून तिरकी झाली होती. त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली. मग माझ्यासमोर उकिडवे बसून त्यांनी नखाने ती काळी पट्टी खरवडून काढली. पिवळा दिवा लागलेलाच होता.

काका गप्प बसू शकले असते. निवृत्तीला त्यांचे सात महिने उरले होते आणि ताईची आठवण विभागात कोणाला राहिली नव्हती. पण ते तसेच, हाताला धूळ लागलेली असताना, सरांना बोलावून घेऊन आले.

"सर, ती ताई खरं बोलत होती," ते म्हणाले. "चूक माझी आहे. सेटिंग मी बदललं होतं आणि दिव्यावर पट्टीही मीच लावली होती."

सरांनी सगळे ऐकून घेतले. बॅटरी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, "ती किती वाजता निघाली, हे मी तिला विचारलं होतं का हो?"

"नाही, सर."

"वीज गेली होती हे मला माहीत होतं. मी स्वतः मुदत वाढवली होती. आणि वीज गेल्यावर फाइलचं काय होतं, हे मी एकवीस वर्षं शिकवतोय." ते खुर्चीवर बसले. "मला नुसतं विचारायचं होतं."

काकांनी 'उशिरा' कप्प्याची गोष्ट सांगितली. सरांनी तो उघडला. ताईचे काम दोन वर्षांनंतर पहिल्यांदा कोणीतरी वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी ते माझ्यावर चालवले आणि त्याला मुद्दाम मध्ये-मध्ये तोडले. वीस वेळा, तीस वेळा, निरनिराळ्या जागी. दर वेळी ताईचे काम पुन्हा उठून उभे राहिले आणि "साठवले" म्हटलेले सगळे त्याने दाखवले. माझ्यासारख्या जुन्या, खोटे सांगणाऱ्या यंत्राच्या पोटात बसून तिची छोटी व्यवस्था एकदाही खोटे बोलली नाही. सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

पुढचे मी पाहिलेले नाही. काकांनी नवीन मॅडमना माझ्या शेजारी उभे राहून सांगितले, तेच तुम्हांला सांगतो.

दुसऱ्याच दिवशी सर आणि काका रुग्णालयात गेले. ताई रेकॉर्ड रूममध्येच होती. तिने दोघांना पाहिले आणि म्हणाली, "बसा जरा. एक पेशंट थांबलेत, त्यांचे कागद देते." अर्धा तास ते बाकावर बसून राहिले. मग ती आली. सरांनी काय झाले होते ते सांगितले, एकही गोष्ट न वगळता. काकांनी आपला भाग सांगितला.

ताईने सगळे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे मी बटण दाबलं होतं."

"दाबलं होतं," सर म्हणाले.

"दोन वर्षं मला वाटत होतं, कदाचित मीच घाईत दाबलं नसेल. मुलीला आणायची घाई होती ना. नंबरसुद्धा मनानेच लिहिला की काय, असंही वाटायचं कधीकधी."

सरांनी हात जोडले. "मी तुमची माफी मागायला आलोय. समितीला पत्रही दिलंय."

ताईने त्यावर हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मग तिने विचारले, "सर, आमच्या इथलं मशीनही तुमच्या मशीनच्याच वेळचं आहे. त्याची बॅटरी कोण बघतं?"

तिघे उठून आतल्या खोलीत गेले. काका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी त्या यंत्राचे झाकण काढले. तिथलीही बॅटरी मेलेली होती. तेही झटपट "झाले" म्हणत होते. फरक एवढाच की माझ्याकडे मुलांचे अभ्यास होते आणि त्याच्याकडे कोणत्या रुग्णाला कोणते औषध चालत नाही याच्या नोंदी होत्या. काकांनी त्याच दुपारी ते सेटिंग बदलले आणि आठवड्यात नवी बॅटरी बसवून घेतली. ताई शेजारी उभी राहून सगळे बघत होती. शेवटी तिने स्वतः एक नोंद केली, वायर ओढायला लावली आणि नोंद राहिली आहे हे पाहिल्यावरच ती घरी गेली.

समितीने शेरा पुसला. 'उशिरा' कप्प्यातले काम धरून तिला त्या विषयात उत्तीर्ण केले. पण गेलेली दोन वर्षे कोणत्याही समितीच्या हातात नव्हती. रुग्णालयाने या वेळी अर्ध्या दिवसाचीच रजा दिली, त्यामुळे तिचा अभ्यास लांबला. ती आता पुन्हा याच प्रयोगशाळेत येते. पहिल्या वेळी मुले तिला ताई म्हणत. आता एक-दोघे मावशी म्हणतात. तिला ते फारसे आवडत नाही.

ती परत आली त्या पहिल्या दिवशी सरांनी वर्गासमोर उभे राहून सगळे सांगितले. आधीच्या वर्गातली मुले केव्हाच पांगली होती, ऐकायला सगळे नवीन चेहरे होते. तरी त्यांनी सांगितले. "मी या बाईंना भर वर्गात खोटं ठरवलं होतं," ते म्हणाले. "त्या खरं बोलत होत्या." मुलांना पुढे काय करावे कळेना. ताई म्हणाली, "सर, तास सुरू करा ना. पाच मिनिटं गेली." सरांनी खडू उचलला.

काका निवृत्त झाले. जाण्यापूर्वी त्यांनी मला नवी बॅटरी बसवली, पण झटपट "झाले" म्हणण्याचे ते जुने सेटिंग काही पुन्हा लावले नाही. डिस्कवर लिहून झाल्याशिवाय मी आता काही बोलत नाही. मुले मला पुन्हा कासव म्हणतात. म्हणू देत.

मित्रांनो, थोड्या दिवसांत मला इथून हलवतील आणि माझ्या जागी नवीन यंत्र येईल. ते माझ्यापेक्षा खूप चपळ असेल. त्याच्या समोरच्या बाजूला एखादा पिवळा दिवा लागला तर तो झाकू नका. तो का लागला ते बघा. आणि एखादी मुलगी तुमच्यासमोर उभी राहून म्हणाली, की मी दिले होते, पण माझ्याकडे पुरावा नाही, तर यादी उघडण्याआधी तिला एवढे विचारा, की बाई, तू किती वाजता निघालीस?

ताई रोज दुपारी येते, माझ्यासमोरून जाते आणि कोपऱ्यात बसून काम करते. माझ्याकडे ती कधी रागाने पाहत नाही. खरे तर ती माझ्याकडे पाहतच नाही. तिच्या लेखी मी एक यंत्र आहे आणि यंत्राला लाज नसते. तिला तसे वाटते, ते एका परीने बरे आहे. मला माफी मागता येत नाही. तिने दिलेले मात्र मी नीट लिहून घेतो.